नांव विचारण्याची सेवा

दाराशीं आलेल्यास मूठभर तांदूळ घालावे, सणाच्या दिवशीं भुकेल्यास पान वाढावें, हें आपल्या कोंकणांतील गरीब घरांतूनही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. परंतु जो कोणाच्या दाराशीं येतच नाहीं, रस्त्याच्या कडेला नुसता पडून असतो, त्याची सेवा कशी करावी? या प्रश्नासंबंधीं आम्हांस जें थोडें शिकावयास मिळालें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

आमच्या मंडळींतील पांच-सहा जण दर शनिवारीं रात्रीं जेवणाचे डबे घेऊन रत्नागिरींत फिरतात. त्यांत आम्हीही असतों. एस. टी. स्थानकाचा आडोसा, मिरकरवाड्याकडील बंद दुकानांच्या पायऱ्या, रेल्वे स्टेशनाबाहेरचा कोपरा, हीं आमचीं ठिकाणें. पावसाळ्यांत या लोकांचे हाल पाहवत नाहींत. कोरडी जागा हातभर, आणि तीही कुत्र्यांशीं वांटून घ्यावी लागते.

आमच्यांत एक निवृत्त परिचारिका आहेत. डबा पुढें करण्यापूर्वीं समोर खालीं बसावें व नांव विचारावें, असा त्यांचा नियम आहे. स्थानकाजवळ एक म्हातारा असे. पोरें त्यास 'वेडा' म्हणत. तीन शनिवार तो कांहींच बोलला नाहीं. चौथ्या शनिवारीं त्यानें नांव सांगितलें, तें इतक्या हळू कीं, बाईंना कान त्याच्या तोंडाशीं न्यावा लागला. भाषा कानडी निघाली. बेळगांवकडे वाढलेले एक गृहस्थ आमच्या मंडळींत आहेत. त्यांनीं गांव काढून घेतलें. पोलिसांस कळविलें. महिन्याभरानें नातू आला. म्हाताऱ्यानें त्यास ओळखलें नाहीं. पण 'अज्जा' अशी हांक कानीं पडतांच त्यानें हात वर केला व नातवाचा चेहरा चांचपूं लागला.

१८८६ सालीं स्थापन झालेलें मनोरुग्णालय आपल्याच शहरांत आहे. तेथें पाठविण्याची थट्टा मुलें एकमेकांशीं सहज करितात. परंतु मनाचा आजार हाही आजारच होय. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें अशा भटकणाऱ्या निराधारास संरक्षण देणें, त्यास तपासणीसाठीं नेणें व त्याच्या घरच्यांचा शोध घेणें, हें पोलिसांचें कर्तव्य ठरविलें आहे. तेव्हां त्यांस खबर देणें ही देखील सेवाच आहे.

तथापि घर सांपडलें म्हणजे सारें झालें, असें नाहीं. मिरकरवाड्याच्या पायऱ्यांवर भेटलेल्या एका बाईनें नांव सांगितलें, गांवही सांगितलें, आणि वर म्हणाली, "गांवाला कळवूं नका. घर हाय, पन तिथं माजी जागा नाय." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्ही पुढल्या शनिवारीं पुन्हा गेलों, एवढेंच.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आम्ही वर्गांत अनेकदां शिकविला आहे. त्यानें जखमा बांधल्या, इतकेंच मुलांच्या लक्षांत राहतें. पण त्यानें त्या मनुष्यास उतारशाळेंत नेलें, खर्च दिला व परत येण्याचें वचनही दिलें. रस्त्यावरील सेवेस अशी उतारशाळा लागते. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली आणल्या. केडगांवचें मुक्तिसदन हें त्यांचें घर झालें. आमच्या काळीं पनवेलजवळ पास्टर के. एम. फिलिप यांनीं १९९९ सालीं स्थापिलेला सील आश्रम मुंबईच्या रस्त्यांवरील आजारी निराधारांस उचलून आणतो, त्यांचे उपचार करितो, व घराचा शोध लागल्यास त्यांस घरीं पोंचवितो.

पालकांस एवढीच विनंति कीं, घरांतील वृद्ध, आजारी व विसरभोळ्या माणसांस जेवतांना नांवानें किंवा नात्यानें हांक मारावी. मुलें तें ऐकत असतात. आणि विद्यार्थी मित्रहो, रस्त्यांत असा कोणी दिसल्यास दगड उचलूं नका. एकट्यानें जवळही जाऊं नका. वडील माणसास बरोबर घ्या, पाणी द्या, नांव विचारा. उत्तर मिळालें नाहीं, तर पुढल्या खेपेस पुन्हा विचारा.