कापडाची एक पट्टी

मुकुट म्हटलं की मला गणपतीचा नाहीतर पत्त्यांतल्या राजाचा मुकुट आठवतो. सोनेरी, टोकदार, जड. त्यामुळे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांची नाणी पुस्तकात पहिल्यांदा पाहिली, तेव्हा थोडी निराशाच झाली. एवढ्या मोठ्या राज्यांचे धनी, आणि डोक्याला काय, तर कापडाची एक पट्टी. केसांभोवती फिरवून मागे गाठ मारलेली, दोन टोकं मानेवर सोडलेली. तिला डायडेम म्हणत. राजेपणाची मुख्य खूण तीच.

अलेक्झांडरने ती इराणच्या तिसऱ्या दारियसच्या पाडावानंतर वापरायला घेतली. इ.स.पू. ३२३मध्ये तो गेला. पुढे त्याचे वारसही मारले गेले. इ.स.पू. ३०६मध्ये डेमेट्रियसने सायप्रसमधल्या सालामिसपाशी टॉलेमीचं आरमार हरवलं. बातमी येताच त्याच्या म्हाताऱ्या वडिलांच्या, अँटिगोनसच्या, डोक्याला मित्रांनी डायडेम बांधला. अँटिगोनसने दुसरा मुलाला पाठवला. मग दोन-तीन वर्षांत टॉलेमी, सेल्युकस, लायसिमॅकस, सगळेच राजे झाले. अलेक्झांडरशी रक्ताचं नातं लागलं नाही. लढाई जिंकलेली असावी आणि चार माणसांनी गाठ मारावी, एवढं पुरलं.

हे वाचत होते तेव्हा वडिलांना जाऊन महिना झाला होता. सात वर्षं त्यांचं आजारपण, दवाखान्याच्या फायली, शेताचे कागद, आईची औषधं, सगळं मीच पाहत होते. तेराव्याला मामांनी धाकट्या भावाला पाटावर बसवलं आणि पागोटं बांधलं. "आता तू घरातला कर्ता," म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. कुणी वाईट वागलं नाही. रीतच ती.

अ‍ॅरियन हा इतिहासकार एक प्रसंग सांगतो. बाबिलोनजवळच्या दलदलीत अलेक्झांडर स्वतः नाव हाकत होता. वाऱ्याने त्याची टोपी पाण्यात पडली आणि तिच्यावरचा डायडेम उडून जुन्या राजाच्या थडग्याजवळच्या लव्हाळ्यात अडकला. एक खलाशी पोहत गेला. परत येताना भिजू नये म्हणून त्याने तो आपल्याच डोक्याला गुंडाळला. त्याला बक्षीस मिळालं आणि शिक्षाही. कुणी सांगतं डोकं उडवलं, कुणी सांगतं फटके मारले.

तो खलाशी माझ्या मनातून जाईना. पट्टी कोरडी राहिली ती त्याच्यामुळे, आणि गुन्हा झाला तोही तेवढ्याचसाठी.

नंतर त्याच पुस्तकात सातव्या क्लिओपात्राचं नाणं सापडलं. अंबाडा, आणि केसांभोवती तीच रुंद पट्टी, तीच मागची गाठ. तिच्याही शेजारी राजा म्हणून आधी धाकटे भाऊच होते. एकाशी तर युद्ध झालं.

आमच्याकडे युद्ध झालं नाही. तेराव्याच्या रात्री पाहुणे पांगल्यावर भावाने पागोटं सोडलं. कपाळावर त्याचा वळ उमटला होता. ते माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "ताई, हे तूच ठेव. मला तर आईच्या गोळ्यांची नावंही माहीत नाहीत."

मी त्याची घडी केली. दिवा घालवण्याआधी क्षणभर ते डोक्याशी धरून पाहावंसं वाटलं. धरलं नाही. कपाटात, वडिलांच्या फायलींवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी मात्र भावाला हाक मारली आणि गोळ्यांचा डबा उघडून एकेक नाव सांगायला बसले.