खणणारे कोण, ओळखणारे कोण?

१९७४ साली नगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल बांधवाला खणताना धातूच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. काही तज्ज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकवरून शंका घेतली. वाद राहिला, कारण त्या शास्त्रीय उत्खननात हाती आल्या नव्हत्या.

आमच्या वस्तीत पाया खणताना हिरवा गंज चढलेली वाटी निघाली. पोरं म्हणाली, "दादा, ही आपल्याच पूर्वजांची!" असेलही; पण इच्छा म्हणजे पुरावा नव्हे. मी ती घासू दिली नाही. खोली मोजली, फोटो काढले, जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून जास्त किमतीच्या निधीची खबर द्यावीच लागते.

मित्रांनो, माती आपण उपसायची आणि तिच्यातला इतिहास दुसऱ्यांनी वाचायचा, ही श्रमविभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे. ती नुसत्या घोषणांनी मोडणार नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम. ए. करता येतं. यंदा आपल्या वस्तीतून किमान एक अर्ज गेला पाहिजे.