शटर, पहार आणि पूर

4 जून 2023 ला सांगलीत मिरज रस्त्यावरच्या एका सराफी शोरूमवर भरदुपारी दरोडा पडला. पोलीस असल्याचं सांगून शिरलेल्यांनी सुमारे 14 कोटींचे दागिने नेल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या पेठेत जो तो कॅमेरे बसवू लागला. माझं दुकान इलेक्ट्रिकल सामानाचं. आमच्याकडं पिस्तूल घेऊन कोण कशाला येतंय? आमच्याकडं येणारा येतो रात्री दीड-दोनला, पहार घेऊन.

साताऱ्यात आमच्या साडूंचं दुकान असंच फुटलं होतं. दोन्ही बाजूंची कुलपं जागच्या जागी, शटर मात्र मधोमध उचकटून बारीक पोरगं सरकेल एवढी फट केलेली. कॅमेरे होते, पण डीव्हीआर काउंटरखाली. गल्ल्यातल्या पैशांबरोबर चोरट्यांनी तोही उचलला. "पुरावासुद्धा चोरानंच नेला," साडू अजून सांगतात.

म्हणून मी कॅमेरेवाल्याच्या आधी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्यानं शटरच्या खालच्या पट्टीत मध्यावर पहारीचं टोक घालून नुसता भार दिला. कुलपं हललीही नाहीत आणि पत्रा वर आला. लगेच फरशी फोडून मध्यभागी काँक्रीटमध्ये सेंट्रल लॉक बसवून घेतलं. शटरचा मधला पट्टा जाळीचा केला. आत रात्रभर एक दिवा जळतो, गस्तीवाल्यांना रस्त्यावरूनच आतलं दिसतं.

घोडं अडलं तिजोरीपाशी. तिजोरी जमिनीला बोल्टनं जखडा, असं जो तो सांगतो. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ते ठीक आहे, साडूंनी तसंच केलंय. पण इथं ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 45 असताना! जमिनीतली तिजोरी सगळ्यात आधी बुडणार. शेवटी छोटी तिजोरी पोटमाळ्यावर नेऊन भिंतीतून आरपार बोल्ट टाकले. शेजारीच कुलूपबंद पेटीत डीव्हीआर. पुरात पेठ रिकामी आणि वीज बंद, तेव्हा कॅमेऱ्याचा काही उपयोग नाही. पाणी 40 फुटांची इशारा पातळी गाठायच्या आतच भारी माल विश्रामबागेत भावाकडं हलवतो.

गल्ला रात्री रिकामा करून उघडाच ठेवतो, निदान ड्रॉवर तरी फोडला जाऊ नये. बायकोला हे मुळीच पटत नाही. रिकामा गल्ला ठेवू नये म्हणून निघताना ती त्यात एक रुपया टाकतेच.