निदानाची रिकामी जागा

4 जानेवारी 2024
दहा वाजून गेले तरी धुकं हटायला तयार नाही. गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येतं, गुरुद्वारा दिसत नाही. तरी हे हट्टाने फिरायला निघालेच. पावलं फेंगडी, एक हात माझ्या खांद्यावर. कोपऱ्यावर कोचिंग क्लासची पोरं चहा पीत उभी होती. चंदीगडच्या चौतीस सेक्टरात त्यांना तोटा नाही. त्यातला एक हसून म्हणाला, "अंकलजी ने सुबह-सुबह लगा ली." ह्यांनी ऐकलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "फुकट बदनाम झालो. निदान प्यायला तरी हवी होती." बोलणंही जड झालंय, त्यामुळे संशयाला आयताच पुरावा मिळतो.

9 जानेवारी
पीजीआय. न्यूरोलॉजीच्या ओपीडीत हिमाचल, जम्मूकडून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं पाहिली की बारा सेक्टरपर्यंतच्या रिक्षाची कुरकुर करवत नाही. तपासणी नेहमीचीच. बोट आधी नाकाला, मग डॉक्टरांच्या बोटाला. टाच गुडघ्यापासून नडगीवरून खाली. पावलापुढे पाऊल; तिथे हे कललेच. मग नजर डावीउजवीकडे झरझर फिरवायची. मराठी आहोत म्हटल्यावर तरुण डॉक्टरीण खुलली, सांगू लागली. मुंबईच्या नोशीर वाडियांनी स्वामींच्या साथीने 1971 साली 'ब्रेन' नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकीकत छापली होती: तोल जातो आणि डोळ्यांची हालचालही मंदावते. त्यामागचं जनुक हाती लागलं 1996 मध्ये. मधली पंचवीस वर्षं त्या घरातल्या बायका लोकांना काय सांगत असतील?
ह्यांचे डोळे चपळ आहेत आणि त्या जनुकाची चाचणीही स्वच्छ आली. एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला दिसतो. कशामुळे, ते कागदावर अजून 'तपास चालू'.

15 जानेवारी
संक्रांत. वडी नको, तीळ घशात अडकतो. तीळ बारीक वाटून गुळात घट्ट खिरीसारखं शिजवलं. शेजारच्या बीजींनी लोहडीला दिलेली रेवडी मीच संपवली. पातळ चहाने हटकून ठसका लागतो, दाटसर असेल तर सुरळीत उतरतं. हनुवटी छातीकडे, मग घोट; दर घोटाला मी आठवण करून द्यायची आणि ह्यांनी चिडायचं. "जेवतोय की परेड करतोय?"

24 जानेवारी
नवं फर्मान: काही महिने गहू बंद. रक्तातली एक चाचणी धड हो म्हणत नाही, धड नाहीही. शेफील्डचे डॉ. हाजीवासिलिऊ यांच्या कामामुळे कळलं की काहींच्या पोटाला काहीच होत नाही, पण ग्लूटेनमुळे लहान मेंदूलाच इजा पोचते. वेळेवर सोडलं तर घसरण थांबू शकते. म्हणजे आशा आहे, आणि आशेचा स्वयंपाक मी करायचा!
वाण्याकडे ज्वारीचं पीठ मागितलं. "आंटीजी, ज्वार तां डंगरां दा चारा है." खोटं नाही, इकडे ज्वारी हिरवी कापून गुरांपुढे टाकतात. मका आणि बाजरीवर भागवलं. मक्याचं पीठ गरम पाण्यात मळूनही कडेला चिरतं, पण बीजी दोन तळव्यांत फिरवून अख्खी रोटी उतरवतात. आणि हिंग! डबीवरची बारीक अक्षरं भिंगाने वाचली तर त्यात मैदा. आजपासून आमटीला लसणाची फोडणी.

2 फेब्रुवारी
अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म. 2016 च्या कायद्याने सवलतींसाठी 40 टक्के लागतात. ते मोजता येतात. पण फॉर्मवर निदानासाठी जागा सोडलेली आहे. डॉक्टरीण म्हणाल्या, तोल जाण्याचं लक्षण लिहू, चालतं. दाखल्याचं भागलं, नातेवाइकांचं भागत नाही. मोठ्या नणंदेचा फोन: "नाव काय ते तरी सांग, इथे पुण्यात विचारते." एक भाऊजी तर 'मनावर घेऊ नका म्हणावं' यापुढे जात नाहीत. पार्किन्सन म्हटलं असतं तर सगळे मुकाट्याने हळहळले असते. नावाची घाई त्यांना आहे. मला घाई आहे ती न्हाणीघरातल्या ओल्या फरशीची.

11 फेब्रुवारी
घरमालक फरशीला भोकं पाडू देईनात. शेवटी बीजींनी त्यांना पंजाबीत सुनावलं. उद्या मिस्त्री येतोय. आधाराची दांडी उजवीकडे हवी की डावीकडे, यावर सकाळपासून आमचं जुंपलंय. हे म्हणतात, "पडणार मी आहे, मी ठरवणार." मी म्हणते, उचलणार मी आहे.