शेताचा कोपरा

शिक्षकाच्या कांहीं चुका सवयीनें इतक्या पक्क्या होतात, कीं पुढें त्या त्याला विद्वत्ताच वाटूं लागतात. कीट्स कवीच्या १८१९ सालच्या नाइटिंगेल पक्ष्यावरील काव्यांत परक्या शेतांत उभी राहून आसवें गाळणारी रूथ आहे. तिच्याविषयीं विद्यार्थ्यांच्या मनांत करुणा उत्पन्न करण्यांत मीं पंचवीस वर्षें घालविलीं. बायबलांतील तिची मूळ कथा मात्र उघडून पाहिली नाहीं.

ती उघडावयास लावली एका बेने इस्रायल स्नेह्यानें. तो मूळचा अलिबागकडचा. घरची भाषा आपलीच मराठी. एका ज्येष्ठांत शाबुओथच्या सणाला त्यानें मला जेवावयास बोलाविलें. या सणाला दुधाचे पदार्थ करण्याची चाल. म्हणून ताटांत खीर होती. शाबुओथ म्हणजे आठवडे. वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून सात आठवडे मोजावयाचे आणि पन्नासाव्या दिवशीं हा सण करावयाचा. मुळांत तो गव्हाच्या हंगामाचा. पहिलीं फळें यरुशलेमच्या मंदिरांत अर्पण करीत. इ. स. ७० मध्यें त्या मंदिराचा विध्वंस झाल्यावर, सीनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळाल्याचा दिवस हाच त्याचा मुख्य अर्थ उरला. भाविक लोक रात्रभर जागून शास्त्र वाचतात, प्रार्थनामंदिरें हिरव्या पानांनीं सजवितात आणि रूथची कथा वाचतात.

शास्त्राच्या उत्सवांत एका परदेशी विधवेची कथा कशासाठीं, असें मीं विचारलें. मित्रानें उत्तरादाखल लेवीय ग्रंथाचा तेविसावा अध्याय पुढें ठेवला. या सणाची आज्ञा संपते न संपते तोंच तेथें दुसरी येते: शेताचा कोपरा कापूं नये, गळलेलीं कणसें वेचूं नयेत, तीं गरिबाचीं व परक्याचीं. म्हणजे तो मालकाचा उपकार नव्हे, मुळांत तेवढें पीक त्याचें नव्हेच! मवाब देशची रूथ सासूबरोबर बेथलेहेमास आली, ती हींच कणसें वेचून दोघींचें पोट भरूं लागली. पुढें दावीद राजा तिच्याच वंशांत झाला. शेतांत ती रडल्याचें कथेंत कोठेंच नाहीं. तीं आसवें कीट्सचीं.

त्या रात्रीं मला माझी विधवा आत्या आठवली. ती आमच्या घरीं राही, सर्वांच्या मागून जेवी, आणि दादानें मला सांभाळलें असें येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. आम्हीही तें खरें मानीत होतों. त्या घरांत एक कोपरा तिचाही होता, हें आमच्यापैकीं कोणाच्या मनांत आलें नाहीं. वर्गांत मीं आसवें शिकवीत राहिलों; कोपरा शिकवावयाचा राहून गेला.