करगोट्याची किल्ली

रावेरच्या आमच्या घरात कुलपात ठेवण्याजोगी एकच वस्तू होती, आजोबांची लाकडी पेटी. किल्ली त्यांच्या करगोट्याला. अंघोळीलाही कमरेवरून हलायची नाही. आत केळीच्या हिशेबाच्या वह्या आणि सोसायटीचे कागद. आजीच्या हाती ती किल्ली जन्मात आली नाही, पण कुणाकडून किती येणं आहे हे तिला तोंडपाठ. आजोबा दुपारी झोपेत मोठमोठ्याने हिशेब बडबडायचे.

पुढे २००० च्या सुमारास काकांच्या वखारीत बिल्ट्या छापायला कॉम्प्युटर आला. विंडोज ९८. चालू केला की पासवर्ड मागायचा. काकांनी भक्तिभावाने पहिल्या ट्रकचा नंबर घातला. महिनाभरात आम्हा पोरांना शोध लागला, की एस्केप दाबलं की ती चौकट मुकाट बाजूला होते! मग कुणीतरी मशीनच्या पोटातच, बायोसला, पासवर्ड बसवून दिला. आतला बटणाएवढा सेल काढून पुन्हा घातला, की मशीन तोही विसरायचं. काका म्हणाले, "त्यापेक्षा बाबांची पेटी बरी रे भो, निदान फोडावी तरी लागली असती."

आता किल्ली अंगठ्यातच आहे. तीही आपल्या खानदेशातूनच निघाली म्हणायची. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. उत्तमच झालं. पण पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलून आणायचा? आधारचे ठसे लॉक करायची सोय आहे, मीही केलं. ते उघडायला पुन्हा ओटीपी, म्हणजे आपण आपले मोबाइलच्या दारात.

आईचा अंगठा शेतात राबून झिजलेला. मागच्या दिवाळीआधी रेशन दुकानातल्या यंत्राने तो तीनदा नाकारला. दुकानदाराने ओटीपी मागवला. आधारला जोडलेला नंबर माझा आणि मी पुण्यात. आईचा फोन आला. आकडे कुणालाही सांगू नका, असं त्याच मेसेजात बजावलं होतं. मी सांगितले. आईला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"शेवटी एक का सात रे?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत रांगेतून दोन-तीन आवाज एकदम आले, "सात, मावशी, सात!"