कीर्तनातला दुसरा आवाज

गाडगेबाबांचं शेवटचं कीर्तन मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं, 8 नोव्हेंबर 1956 रोजी. पुढे दीड महिनाही गेला नाही. 20 डिसेंबरला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण झालं होतं, म्हणून बाबांचा खरा आवाज आजही ऐकायला मिळतो. समोरच्याला गाठून बोलणारा, अस्सल वऱ्हाडी आवाज.

बाबांवर एक माहितीपट करायचं आमच्या लहानशा युनिटनं मनावर घेतलं आहे. त्यांचा जन्म 1876 चा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील गेल्यावर आईबरोबर ते आजोळी दापुऱ्याला आले, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यात, मुर्तिजापूर तालुक्यात. तिथे देबू, म्हणजे लहानपणीचे बाबा, पूर्णा नदीत पोहायला शिकला, शेतात राबला; त्यानं गुरं राखली आणि मामाची जमीन सावकाराच्या कर्जात जाताना पाहिली. पुढची ठिकाणं म्हणजे ऋणमोचनचा घाट, मुर्तिजापूरचं गोरक्षण, अमरावतीतली समाधी. खारपाणपट्ट्यातल्या काळ्या, भेगाळलेल्या जमिनीवरूनच आमचं बरंचसं शूटिंग होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी नऊनंतर कॅमेरा सावलीत ठेवावा लागतो.

या कामात एआयची टूल्स आम्ही रोज वापरतो आणि त्यांचे उपकार मानतो. तासन्‌तासांच्या मुलाखती लिहून काढायच्या, त्यातलं हवं ते वाक्य शोधायचं, इंग्रजी सबटायटल्सचा पहिला खर्डा करायचा, ही पाठ मोडणारी कामं आता एका संध्याकाळी उरकतात. पैसा नसलेल्या फिल्मवाल्याला हे मोठं बळ आहे. चित्रंही ही टूल्स काढून देतात. मुर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर अशा दोन्ही दिशांना धावणारी शकुंतला रेल्वे आता बंद पडली आहे. 1994 पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर चालत असे. कागदावरच्या आराखड्यासाठी तिचं चित्र यंत्राकडून काढून घ्यायला माझी हरकत नाही. चित्रात माती तांबडी येते, ती काळी करायला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, एवढंच.

बोलीचं मात्र अवघड जातं. दापुऱ्याची एखादी आजी जे बोलते, ते यंत्र पुस्तकी मराठीत बसवून लिहितं. तिचं वाक्य नीटनेटकं होतं आणि आजी हरवते. वऱ्हाडीला लेखी परंपरा नाही, असं मुळीच नाही. उद्धव शेळक्यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 ची. अकोल्याच्या विठ्ठल वाघांचं तिफणीचं गाणं 1981 साली ‘अरे संसार संसार’ या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेलं. पण यंत्राच्या कानावर पडलेल्या मराठीत हा वाटा फार थोडा असावा. आम्ही सगळं हातानं दुरुस्त करतो, आणि तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. त्या निमित्तानं प्रत्येक माणसाचं बोलणं दोनदा ऐकून होतं.

खरा प्रश्न उभा राहिला तो कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणापाशी. आमच्याकडची प्रत जुनी, खरखर फार. आवाज साफ करणाऱ्या टूलमधून ती काढली. खरखर गेली आणि बाबा अगदी शेजारी बसून बोलावेत तसे ऐकू आले. अंगावर काटा आला. पण दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानात आलं की खरखरीबरोबर ऐकणारी माणसंही गेली होती. त्यांचे होकार, हसणं, एकाच वेळी उमटलेलं उत्तर, सगळं पुसलं गेलं होतं. बाबा विचारत होते आणि समोर कोणीच नव्हतं.

यंत्राचा यात दोष नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं. स्वच्छ बोलणं आणि त्यातच गोंगाट मिसळलेलं बोलणं, अशा असंख्य जोड्या त्याला ऐकवतात. जवळचा एक आवाज राखायचा आणि बाकीचं काढून टाकायचं, हे ते त्यातून शिकतं. शिकवताना जो गोंगाट मिसळतात, त्यात वाहनं, पंखे असतात आणि माणसांचा गलकाही असतो. गर्दी ही त्याच्या लेखी आवाजातली घाण.

बाबांच्या कीर्तनाचा तर सगळा डोलारा त्या गर्दीवर उभा. ते विधान करून पुढे जात नसत, विचारत असत. देवाला आंघोळ कोण घालतं, निवद कोण दाखवतं, तो खायला कुत्रं आलं तर त्याला कोण हाकलतं? उत्तर लोकांच्या तोंडून यायचं आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न बसायचा. शेवटी लोकांनी स्वतःच्याच तोंडानं कबूल केलेलं असायचं की आपला देव आपल्याच भरवशावर उभा आहे. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, हेही असंच वदवून घेतलेलं. निम्मं कीर्तन ऐकणाऱ्यांचं होतं. ते निम्मं पुसलं की उरतो तो उपदेश, आणि उपदेश करणारे महाराज तेव्हाही पुष्कळ होते.

लोकेशनवरही लोकांकडून असंच उत्तर येतं. ऋणमोचनजवळ बाबांचा गाव झाडण्याचा प्रसंग घेत होतो. आमचा नट खराटा चालवत होता, कॅमेरा सुरू होता. बघ्यांमधली एक बाई सरळ फ्रेममध्ये आली, त्याच्या हातातून खराटा घेतला आणि म्हणाली, “आंधी पानी शिंपड ना बाप्पा, नाई तं फुफाटाच उडते.” मग कमरेत वाकून, हात लांब टाकून तिनं दहा-बारा पावलं झाडून दाखवलं. तिचं ते झाडणं आम्ही ठेवलं आहे. घरी टेबलाशी बसून ते मला लिहिता आलं नसतं आणि कुठल्याही यंत्राला मागताही आलं नसतं, कारण मागायला आधी ते ठाऊक असावं लागतं.

आमच्या तरुण एडिटरनं एक कल्पना मांडली: निवेदन बाबांच्याच आवाजात करू, नमुना आहेच, एआयला आवाज तयार करता येतो. कल्पना श्रद्धेतून आली होती, म्हणून मी तिच्यावर बराच विचार केला. 2024 मध्ये ‘लाल सलाम’ चित्रपटाच्या गाण्यात ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज असेच वापरले, पण त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मोबदला देऊन. 2025 मध्ये आशा भोसले आपल्या आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयानं त्यांना संरक्षण दिलं. बाबांसाठी परवानगी मागायची कोणाकडे? मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, असं ते सांगत. पाया पडणाऱ्याला पडू देत नसत. बांधलेल्या धर्मशाळांवर घरच्यांचा हक्क ठेवला नाही. 1949 मध्ये पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

परवानगी मिळाली असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. यंत्रानं बाबांच्या आवाजात प्रश्न विचारला तर उत्तर कोण देणार? मग गर्दीही यंत्राकडूनच करून घ्यावी लागेल, आणि कीर्तनाच्या दोन्ही बाजू एकाच टेबलावर तयार होतील.

डॉ. श्रीराम लागूंनी 1977 साली राजदत्तांच्या ‘देवकीनंदन गोपाळा’त गाडगेबाबा उभे केले, तीही नक्कलच की, असं एडिटर म्हणाला. मला ते वेगळं वाटतं. कान-नाक-घशाचा हा सर्जन, देव न मानणारा माणूस, स्वतःचा श्वास आणि स्वतःचं शरीर पणाला लावून बाबांपाशी पोहोचू पाहत होता. पडद्यावर लागू आहेत, हे बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. चुकले असते तर लोकांनी त्यांना जाब विचारला असता.

आता ठरलं आहे ते असं. मूळ ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करायची, पण जिथे जिथे गर्दी बोलते तिथे टूल बंद ठेवून मूळ पट्टी जोडायची. काम किचकट आहे, सेकंदा-सेकंदानं पुढे सरकतं. निवेदनासाठी दर्यापूरकडचा एक कीर्तनकार तयार झाला आहे, तो स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत बोलेल. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला यात्रा भरते, तिथे त्याचं कीर्तन चित्रित करायचं आहे. एक माईक त्याच्या सदऱ्याला लागेल. बाकीचे सगळे माईक लोकांमध्ये ठेवायचे, बायका आणि पोट्टे बसतात त्या बाजूला जास्त, असं साउंडवाल्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे. दोन माईक कमी पडतायत, ते अमरावतीत भाड्यानं मिळतात का, याची चौकशी सुरू आहे.